पेपर सुटल्यावर "तुझं काय आलं?" : मेकॅनिक्सची उत्तरं जुळवायची कशी?



मेकॅनिक्सचा पेपर सुटला की केजच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकच प्रश्न ऐकू येतो. "तुझं तिसऱ्याचं काय आलं रे?" एसटीला वेळ असतो. पाच-सहा जण सावली बघून थांबतात, प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन फिरायला लागतं. चौघांचं उत्तर जुळतं. पाचव्याचं वेगळं असतं. तो दोन मिनिटं हुज्जत घालतो, मग म्हणतो, "जाऊ दे, माझंच चुकलं असंल." आणि विषय संपतो.

खरं तर विषय इथं सुरू व्हायला पाहिजे. पाचव्याचं का वेगळं आलं, हे कुणी बघितलंच नाही. निकाल लागला तो बहुमतानं. ग्रामपंचायतीत हे चालतं, गणितात चालत नाही. ज्यांना पुढं नेट, सेट, गेट देऊन पीएचडीला जायचं आहे त्यांनी तर ही सवय आत्ताच मोडली पाहिजे, कारण संशोधन म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेली उत्तरांची जुळवाजुळवच असते. म्हणून आज याच साध्या गोष्टीकडे जरा नीट बघू.

१. चार उत्तरं सारखी, म्हणजे चार साक्षीदार नव्हेत

चौघांनी एकाच गाइडमधून तयारी केली, एकाच सरांच्या नोट्स वापरल्या आणि त्या नोट्समध्ये एक चिन्ह उलटं असेल, तर चौघांचं उत्तर सारखंच येणार. ही चार उत्तरं नाहीत, एकाच उत्तराच्या चार झेरॉक्स आहेत. पाचव्यानं वेगळ्या रीतीनं गणित सोडवलं असेल तर त्याच्या एका उत्तराचं वजन त्या चारांएवढं, कधी जास्तही असू शकतं. म्हणून "किती जणांचं जुळलं?" हे विचारण्याआधी "किती वेगवेगळ्या रीतींनी जुळलं?" हे विचारा. एकानं न्यूटनच्या नियमांनी केलं, दुसऱ्यानं ऊर्जेच्या अक्षय्यतेनं, तिसऱ्यानं लॅग्रांजच्या समीकरणानं, आणि तिघं एकाच ठिकाणी पोचले, तर त्या जुळण्याला अर्थ आहे.

२. वेगळं दिसलं म्हणजे चुकलं असं नाही

साधा लंबक घ्या. एकानं स्थितिज ऊर्जेचं शून्य वर टांगणीच्या बिंदूपाशी धरलं, दुसऱ्यानं सगळ्यात खालच्या बिंदूपाशी. दोघांच्या लॅग्रांजियनमध्ये 'एम जी एल' एवढा फरक पडतो. कागदावर बघितलं तर दोन वेगळी उत्तरं. पण हा फरक स्थिर संख्येचा आहे. डेरिव्हेटिव्ह घेतला की तो गायब होतो आणि गतीचं समीकरण दोघांचं एकच येतं. याच्याही पुढं जाऊन, कोऑर्डिनेट आणि काळ यांच्या एखाद्या फंक्शनचा काळाच्या सापेक्ष टोटल डेरिव्हेटिव्ह लॅग्रांजियनमध्ये मिळवला तरी समीकरण बदलत नाही. तेव्हा भांडायच्या आधी दोन्ही उत्तरं एका रूपात आणता येतात का ते बघा. शून्य कुठं धरलं, कोन कुठून मोजला, धन दिशा कोणती, हे तीन प्रश्न विचारले तरी बरेच वाद तिथंच मिटतात.

३. चुकीचं उत्तरही बोलतं

भरीव गोल उतरणीवरून न घसरता गडगडत खाली येतो. त्याचा प्रवेग किती? समजा घोळक्यात चार उत्तरं आली: जी साइन थीटा, त्याचे ५/७, त्याचे २/३ आणि त्याचे ३/५.

बरोबर उत्तर ५/७ जी साइन थीटा. पण बाकीची तीन उत्तरं फेकून देऊ नका. ज्याचं नुसतं 'जी साइन थीटा' आलं तो गोलाचं फिरणं विसरला, त्यानं गुळगुळीत उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित केलं. ज्याचं २/३ आलं त्यानं भरीव गोलाऐवजी भरीव सिलिंडरचा मोमेंट ऑफ इनर्शिया घातला. ज्याचं ३/५ आलं त्यानं पोकळ गोलाचा घातला. म्हणजे रीत या दोघांचीही बरोबर आहे, फक्त एक संख्या चुकीच्या रांगेतून उचलली. या दोघांनी मोमेंट ऑफ इनर्शियाचा तक्ता एकदा पक्का केला की झालं. पहिल्यानं मात्र धडाच परत वाचायला हवा. "चुकलं" एवढ्या एका शब्दात हा फरक कळत नाही.

४. मग निवाडा कुणी करायचा?

वर्गातल्या टॉपरनं नाही. निवाडा करणाऱ्या तपासण्या असतात, आणि त्या फुकट असतात.

उभ्या व्यासाभोवती एकसमान कोनीय वेगानं फिरणारी एक तारेची रिंग घ्या, तिच्यात सरकणारा मणी. एमएस्सीच्या मुलांना हे गणित पाठ असतं. घर्षण नाही. मणी तळापासून किती कोनावर स्थिर राहील? एकाचं उत्तर: कॉस थीटा बरोबर जी भागिले (ए गुणिले ओमेगाचा वर्ग). दुसऱ्याचं बरोबर उलटं: वरचं खाली, खालचं वर. इथं ए म्हणजे रिंगची त्रिज्या.

पहिली तपासणी डायमेन्शनची. 'ए गुणिले ओमेगाचा वर्ग' हाही प्रवेग आणि 'जी' हाही प्रवेग, म्हणून भागाकार बिनएककाचा. दोन्ही उत्तरं पास! बघा, डायमेन्शनची तपासणी गरजेची आहे, पण ती पुरेशी नाही.

दुसरी तपासणी टोकाच्या स्थितीची. रिंग प्रचंड वेगानं फिरवली तर मणी कुठं जाईल? बाहेर फेकला जाऊन जवळजवळ आडव्या व्यासाच्या पातळीला, म्हणजे ९० अंशांकडे. पहिल्या उत्तरात ओमेगा वाढवला की कॉस थीटा शून्याकडे जातो, कोन ९० अंशांकडे. पास. दुसऱ्या उत्तरात कॉस थीटा एकाच्या वर जातो, जे शक्यच नाही. नापास. आता रिंग हळू फिरवा. पहिल्या उत्तरात कॉस थीटा एकाहून मोठा होतो. मग हेही चुकलं का? नाही. ते सांगतंय की ओमेगाचा वर्ग 'जी भागिले ए' पेक्षा कमी असेल तर असा तिरका कोन अस्तित्वातच नाही, मणी तळाशीच बसणार. मण्याला वर चढायला किमान वेग लागतो, ही माहिती उत्तरानं आपण न विचारता दिली.

टॉपरला न विचारता, उत्तरसूची न बघता दोन मिनिटांत निकाल लागला. ज्याच्या घरी, गावात विचारायला कुणी नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

५. कधी कधी दोघंही बरोबर असतात, प्रश्न वेगळे असतात

याच मण्यावर आणखी एक वाद होतो. एक म्हणतो, "ऊर्जा अक्षय्य नाही, रिंग फिरवणारी मोटर ऊर्जा घालते-काढते." दुसरा म्हणतो, "लॅग्रांजियनमध्ये काळ उघडपणे येत नाही, म्हणून अक्षय्य आहे." दोघंही बरोबर! दुसरा ज्याबद्दल बोलतोय तो हॅमिल्टोनियन, आणि तो खरंच अक्षय्य आहे. पण इथं हॅमिल्टोनियन म्हणजे एकूण ऊर्जा नव्हे. दोन्हींत 'एम ए वर्ग ओमेगा वर्ग साइन वर्ग थीटा' एवढा फरक आहे, आणि मणी सरकला की तो बदलतो. तेव्हा वाद लांबला की थांबून विचारा, "आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना?"

६. मोठ्या लोकांचंही असंच होतं

मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ मध्ये छापलेली त्यांची किंमत आजच्या किमतीपेक्षा साधारण ०.६ टक्क्यानं कमी होती, कारण हवेच्या व्हिस्कॉसिटीची वापरलेली किंमत थोडी चुकीची होती. फाइनमन यांनी १९७४ च्या कॅलटेकमधल्या भाषणात यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की, नंतरच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर किमतीवर गेली नाहीत, हळूहळू वर सरकली. कारण आपलं उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की लोक चूक शोधत बसायचे, आणि जवळ आलं की तेवढं शोधत नसायचे. बसस्टँडवरचा पाचवा मुलगा आणि हे लोक, दोघांची अडचण एकच.

आता उलटं उदाहरण. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगोच्या दोन वेधशाळा अमेरिकेत सुमारे ३००० किलोमीटर अंतरावर आहेत. मुद्दाम. एकीजवळून ट्रक गेला तर दुसरीला पत्ता लागू नये, म्हणजेच दोघींनी एकमेकींची कॉपी करू नये! १४ सप्टेंबर २०१५ ला दोन्हीकडे एकाच आकाराचा सिग्नल आला, साधारण ७ मिलिसेकंदांच्या फरकानं. प्रकाशाला हे अंतर कापायला १० मिलिसेकंद लागतात, त्यामुळं फरक त्याच्या आतच असायला हवा होता. होता. जुळलेलं उत्तर असं असतं.

त्याआधी २०१० मध्ये याच गटानं स्वतःची परीक्षा घेतली होती. काही मोजक्या लोकांनी खोटा सिग्नल गुपचूप यंत्रात घातला. बाकीच्यांनी कित्येक महिने विश्लेषण केलं, शोधनिबंधाचा मसुदासुद्धा तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडल्यावर कळलं की सिग्नल खोटा होता. कुणाचा अपमान झाला नाही. आपली रीत चालते, एवढं सिद्ध झालं. लायगोची भारतातली वेधशाळा आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. तिथं काम करायला उत्तरं नीट जुळवणारी माणसं लागणार आहेत.

७. आता कामाचं

- बोलायच्या आधी लिहा. पेपर सुटल्या सुटल्या आपलं उत्तर आणि खात्री किती (पक्कं, अर्धवट, अंदाज) हे प्रश्नपत्रिकेवर टिपा. दुसऱ्याचं ऐकल्यावर आपली आठवण बदलते.
- उद्या दुसरा पेपर असेल तर आज जुळवू नका. कागद बाजूला ठेवा, शेवटच्या पेपरनंतर बसा.
- आधी रीत सांगा, मग उत्तर. "५/७ आलं" यापेक्षा "ऊर्जेनं केलं, मोमेंट ऑफ इनर्शिया २/५ चा घेतला" हे वाक्य उपयोगाचं.
- ज्याचं वेगळं आलंय त्याला पहिल्यांदा बोलू द्या. शेवटी बोलायची वेळ आली की तो बोलतच नाही.
- सीएसआयआर नेटच्या गणिताच्या पेपरमध्ये पार्ट सीला एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात. तिथं "माझं बी आलं" याला अर्थ नाही. प्रत्येक पर्याय का बरोबर, का चूक, हे वेगवेगळं जुळवा.
- तात्पुरत्या उत्तरसूचीवर हरकत घ्यायला पैसे पडतात. "आमच्या सगळ्यांचं हेच आलं" हा पुरावा नव्हे. वरच्या तपासण्यांतून उत्तर गेलं असेल आणि एक पानाची सिद्धता हातात असेल, तरच हरकत घ्या. मग मात्र घाबरू नका.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. तोच मणी, तीच रिंग, वेग किमान वेगापेक्षा जास्त. तिरक्या कोनावरच्या स्थिर स्थितीभोवती मण्याला थोडा धक्का दिला तर तो कोणत्या कोनीय वारंवारतेनं डोलेल? उत्तर मी देत नाही. तपासण्या देतो: वेग बरोबर किमान वेगाएवढा झाला की वारंवारता शून्य यायला हवी, आणि वेग प्रचंड वाढवला की ती ओमेगाच्या जवळ जायला हवी. दोन्ही जमलं तर मित्राला दाखवा. त्याचं वेगळं आलं तर आणखी चांगलं, दोघं मिळून बसा.