उभे राहण्याचा गुन्हा

शहरातील देहविक्रयाचा विषय निघाला, की मुंबईचा कामाठीपुरा किंवा पुण्याची बुधवार पेठ ही नावे प्रथम आठवतात. परंतु स्टेशनाबाहेर किंवा उड्डाणपुलाखाली उभी राहून गिऱ्हाईक शोधणारी आणि तासाच्या भाड्याने लॉजची खोली घेणारी स्त्री या वस्त्यांच्या हिशेबात बसत नाही. घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचा, जाच तिला नसतो, पण वस्तीतला आडोसा आणि शेजारणींचा आधारही नसतो.

तिची मोठी अडचण कायद्याच्या रचनेतच आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, ज्याला बोलण्यात 'पिटा' म्हणतात, प्रौढ स्त्रीच्या स्वेच्छेच्या देहविक्रयाला गुन्हा ठरवत नाही. मात्र सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला बोलावणे कलम ८ नुसार गुन्हा आहे, आणि त्यासाठी पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हाच गुन्हा पुरुषाने केल्यास कैदेची कमाल मर्यादा तीन महिने आहे. या तफावतीचे समर्थन कोणत्याही न्यायबुद्धीने करता येणार नाही. शिवाय कलम ४ मुळे, तिच्या कमाईवर जाणीवपूर्वक जगणारा अठरा वर्षांवरील मुलगाही आरोपी ठरू शकतो.

परिणामी धाड पडेल या भीतीने सौदा घाईत ठरतो, गिऱ्हाईक पारखायला वेळ मिळत नाही, निरोधचा आग्रह मागे पडतो आणि मारहाण झाली तरी पोलीस ठाण्याची पायरी चढवत नाही. लॉजचे भाडे चुकवून उरलेल्या पैशांतून गावाकडची मुले, सावकाराचे व्याज आणि आजारपण भागवायचे असते. यांतील अनेक जणींनी आधी घरकाम किंवा बांधकामावरची मजुरी केलेली असते, त्यामुळे 'दुसरे काम का करत नाही' हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या कामाची मजुरीही विचारात घ्यायला हवी.

कागदपत्रांचा प्रश्न करोनाकाळात उघडा पडला. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा देण्यास सांगितले आणि महाराष्ट्र शासनाने तीन महिने दरमहा पाच हजार रुपये जाहीर केले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळण्याची वाटही मोकळी केली. पण रोज जागा बदलणारी, कोणत्याही संस्थेच्या नोंदवहीत नाव नसलेली स्त्री त्या प्रमाणपत्रापर्यंतच पोहोचत नाही.