सबवूफर दमदार, पण सोफ्यावर बास गायब

होम थिएटर लावलेल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. कोपऱ्यात उभं राहिलं तर छाती हादरते, पण सोफ्यावर बसलं की बास गायब! मग माणूस आणखी मोठा सबवूफर शोधायला लागतो. पैसे घालवण्याआधी आपण एक भागाकार करू. नेटच्या तयारीत स्टँडिंग वेव्हची गणितं तुम्ही घासली असतीलच, ती इथे थेट उपयोगी पडतात.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. खोली 5 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद धरा. लांबीच्या दिशेने पहिला स्टँडिंग वेव्ह 343 भागिले 10, म्हणजे 34.3 हर्ट्झला. रुंदीच्या दिशेने 343 भागिले 8, साधारण 42.9 हर्ट्झला. भिंतींपाशी दाबातला बदल सगळ्यात जास्त, बरोबर मध्यावर जवळपास शून्य. आणि आपला सोफा? बऱ्याचदा मध्यावरच.

हा खड्डा इक्वलायझरने भरत नाही. 10 डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट पॉवर मागायची, आणि तरीही शून्याच्या जागी शून्याच्या आसपासच मिळणार. उंचवटे मात्र इक्वलायझरने कापता येतात.

एका सबवूफरसाठी जुनी युक्ती आहे: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत बास कुठे सपाट ऐकू येतो ते शोधायचं. दिसायला विनोदी, पण पाया पक्का आहे. स्रोत आणि श्रोता यांच्या जागा बदलल्या तरी दोघांमधला प्रतिसाद तोच राहतो. फक्त हे उत्तर एकाच आसनापुरतं. शेजारी बसलेल्याचं काय?

हार्मनच्या टॉड वेल्टी यांनी 2002 च्या पेपरमध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. एका जागी बास किती चांगला हे न बघता, वेगवेगळ्या आसनांमध्ये तो किती बदलतो हे त्यांनी मोजलं. माझ्या मते पेपरची खरी ताकद या निकषातच आहे. चार भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर उत्तम ठरले, पण समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी बरंचसं काम होतं.

का, ते आपल्या खोलीत बघा. दोन्ही सबवूफर 4 मीटरच्या भिंतींच्या मध्यावर आहेत. 34.3 हर्ट्झच्या वेव्हमध्ये खोलीच्या दोन टोकांचा दाब विरुद्ध कलेत असतो. दोन्हीकडून सारखाच धक्का दिला की तो मोड उठतच नाही. 42.9 च्या मोडसाठी दोन्ही सबवूफर रुंदीच्या मध्यावर, म्हणजे शून्यावरच बसलेत, त्यामुळे तोही शांत. 68.6 चा दुसरा लांबीचा मोड मात्र उरतो. त्याचे शून्यबिंदू भिंतीपासून 1.25 मीटरवर, तेवढी जागा सोफ्यासाठी टाळायची.

हे झाल्यावरच रिसीव्हरच्या सेटिंगला हात लावा. स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झपासून सुरू करा. त्याखाली आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही. मग मायक्रोफोन प्रत्येक आसनावर ठेवून मोजा आणि सगळे आलेख एकाच अक्षावर काढा. सगळीकडे दिसणारा उंचवटा कापा. एकाच आसनावरचा असेल, तर आधी सोफा थोडा सरकवून बघा.