सोलापूरचा रेडिओ: बदलते साचे आणि श्रोत्यांची आवड

आकाशवाणीचे सोलापूर केंद्र सुरुवातीला मध्यम लहरींवर १६०२ किलोहर्ट्झला लागत असे. ही जागा पट्ट्याच्या अगदी टोकाची. संचाचा काटा उजवीकडे जवळजवळ शेवटपर्यंत नेला की सोलापूर सापडे. प्रक्षेपकाची ताकद १ किलोवॅट, म्हणजे मुंबई-पुण्याच्या केंद्रांपुढे किरकोळच. पण या केंद्राचा हेतूही निराळा होता. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतील नागरकोईल येथे देशातले पहिले स्थानिक आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच काही केंद्रांत सोलापूरचा क्रमांक लागला. साऱ्या राज्यासाठी बोलणारे केंद्र बाजूला ठेवून एका जिल्ह्याशी बोलणारे केंद्र उभे करायचे, ही त्यामागची कल्पना.

तोपर्यंत सोलापूरकर दुसऱ्या गावांचे रेडिओ ऐकत होते. मराठी घरांत २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले पुणे केंद्र आणि मुंबई. कन्नड घरांत धारवाड आणि पुढे कलबुर्गी. तेलुगू पद्मशाली वस्तीत हैदराबाद. रात्री मध्यम लहरी दूरवर पोहोचतात, त्यामुळे एकाच गल्लीत तीन भाषांची केंद्रे लागलेली असत. सिनेसंगीतासाठी मात्र सगळ्यांची धाव सारखीच होती. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला त्यांना परत आणावे लागले. श्रोत्यांची आवड डावलली की श्रोता काटा फिरवतो, हे भारतीय रेडिओने इतक्या आधीच अनुभवले होते.

स्थानिक केंद्राचा साचा आकाशवाणीच्या जुन्याच पद्धतीचा होता. दिवसाचे प्रक्षेपण सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा सभांत विभागलेले. पहाटे संकेतधून, ‘वंदे मातरम्’, मग भक्तिगीते. पुढे बातम्या, शेतकऱ्यांसाठी, स्त्रियांसाठी, मुलांसाठी, कामगारांसाठी वेगवेगळे कार्यक्रम. मध्येच लोकसंगीत, शास्त्रीय गायन, भाषण, श्रुतिका. प्रत्येक श्रोत्यासाठी दिवसातला थोडा वेळ राखून ठेवलेला असे. ज्वारीवरच्या किडीविषयी कृषितज्ज्ञ बोलत तेव्हा मंगळवेढ्याचा शेतकरी कान देई, डाळिंबाचा विषय निघाला की सांगोल्याचा. बाकीच्यांनी तेवढा वेळ थांबायचे. आज ही पद्धत संथ वाटते, पण तिच्यामुळे ज्याच्याकडे जाहिरातदार ढुंकूनही पाहणार नाही अशा माणसालाही स्वतःचा कार्यक्रम मिळत होता. तिची ही बाजू फार मोलाची आहे.

श्रोता आपली आवड कळवी ती पोस्टकार्डावर. ‘आपली आवड’सारख्या फर्माइशीच्या कार्यक्रमांसाठी येणाऱ्या कार्डावर गाण्याचा मुखडा एका ओळीत आणि नावे मात्र उरलेल्या सगळ्या जागेत असत: आजी, आई-वडील, भावंडे, शेजारची मुले, शेवटी गाव आणि तालुका. निवेदक ती यादी वाचून दाखवी. गाणे तर दुसरीकडेही ऐकता आले असते. माढा किंवा करमाळा तालुक्यातल्या एखाद्या वाडीचे नाव रेडिओवर उच्चारले जाणे दुसरीकडे शक्य नव्हते. फोन आल्यावर कार्डांची जागा थेट फोनवरच्या गप्पांनी घेतली, तरी फोन करणारा आधी आपले गाव सांगतो आणि मग गाणे.

कामाशी रेडिओची सांगड हे या शहराचे खास लक्षण. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे ‘जुनी मिल’, १८७७ मध्ये सुरू झाली आणि १९६३ मध्ये बंद पडली. त्यानंतर चादर-टॉवेलच्या यंत्रमागांनी शहराला काम दिले. मागाच्या खटखटाटात निवेदन कळत नाही. तिथे लागतात ठेक्याची, पाठ असलेली गाणी, तीही चढ्या आवाजात. विडी वळणाऱ्या बाईचे नेमके उलटे. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, हाताला दोरा. डोळे आणि हात गुंतलेले, कान मोकळे. तिला गोष्ट, मुलाखत, श्रुतिका, गप्पा सगळे ऐकता येते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी घरोघरी हे काम चालते. एकाच शहरात, एकाच वेळी रेडिओकडून दोन वेगळ्या अपेक्षा असतात त्या अशा. दिवसभर एकच आवाज ठेवणारे केंद्र यांपैकी एकीलाच न्याय देऊ शकते.

नंतर आकाशवाणी सोलापूर एफएमवर आले. आज ते १०३.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. एफएमचा आवाज स्वच्छ, खरखर नाही, पण लहरी सरळ रेषेत जातात आणि पल्ला मर्यादित राहतो. शहराला हा बदल मानवला. अकरा तालुक्यांच्या विस्तीर्ण जिल्ह्यात मनोऱ्यापासून दूर असलेल्या गावांना मात्र पल्ल्याची ही अडचण जाणवते.

खाजगी एफएमचा पाया घातला तो ९ फेब्रुवारी १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या टप्प्यातले परवाना शुल्क दरवर्षी वाढत जाणारे होते आणि ते अनेकांना पेलले नाही. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ते बदलून एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढे महसुलाचा ४ टक्के वाटा अशी व्यवस्था आली. तेव्हा मध्यम शहरांत रेडिओ चालवणे परवडू लागले. २०११ च्या जनगणनेत ९ लाख ५१ हजारांवर लोकसंख्या असलेले सोलापूर धोरणानुसार ‘क’ वर्गात मोडते. इथे रेडिओ सिटी आणि बिग एफएम आले. तिसऱ्या टप्प्यात माय एफएमची भर पडली.

या केंद्रांनी सभांची पद्धत मोडली. तासाचे ठरावीक चक्र असते: गाणी, दोन वाक्यांची गंमत, जाहिराती, स्पर्धा, पुन्हा गाणी. निवेदकाचा आरजे झाला. तो श्रोत्याशी अरे-तुरेत बोलतो, गड्ड्याच्या यात्रेत कुठला पाळणा लागला ते सांगतो, शेंगा चटणीवर बोलतो. भर ताज्या हिंदी चित्रपटगीतांवर, जोडीला मराठी गाणी. तरुण श्रोता याकडे आकर्षित झाला यात नवल नाही; त्याला आकाशवाणीवर आपल्या वयाचा आवाज क्वचितच ऐकू येत होता.

मात्र साच्याचा निर्णय नेहमी सोलापुरात होतोच असे नाही. ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या शहरांतील आपली केंद्रे जोडून एकच कार्यक्रम चालवण्याची मुभा कंपन्यांना दुसऱ्या टप्प्यात आपापल्या विभागापुरती मिळाली, तिसऱ्यात देशभर. खर्च वाचतो, पण रात्रीचा आवाज कुठल्याही शहराचा असू शकतो. बिग एफएमने २०१९ मध्ये देशभर ‘धुन बदल के तो देखो’ हे नवे घोषवाक्य घेतले; असा बदल एका शहराच्या श्रोत्यांना विचारून होत नाही. विचारायचे तरी कसे, हाही प्रश्नच आहे. रेडिओ श्रोत्यांची नियमित मोजणी करणारी ‘रॅम’ ही पद्धत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळुरू या चारच शहरांपुरती होती. सोलापूरच्या आवडीचा अंदाज नवी पेठेतल्या दुकानदाराच्या जाहिरातीवरून आणि येणाऱ्या फोनवरून बांधायचा.

खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे सहक्षेपित करता येते, इतकेच. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, सण-उत्सव, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या सूचना यांना बातम्यांच्या बाहेर ठेवले. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात या यादीतली शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची. आज कुठल्या भागात पाणी सुटणार हे रोज ठरल्या वेळी सांगणाऱ्या केंद्राला इथे श्रोत्यांची वानवा पडणार नाही.

बातम्यांविषयीची निष्ठा किती पक्की असते ते जून २०२३ मध्ये दिसले. आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला. सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या ही पश्चिम महाराष्ट्रातली रोजची सवय. विरोध इतका झाला की केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. मनोरंजनाचा कार्यक्रम बदलला तर श्रोता दुसरीकडे जातो, पण ठरल्या वेळेची बातमी हलवली तर तो भांडायला उठतो.

सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात रेडिओचा व्यवहार मराठी आणि हिंदीत चालतो. सामुदायिक रेडिओला इथे वाव आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून माणदेशाच्या बोलीत कार्यक्रम करते आणि स्त्रिया, शेतकरी, गजी नृत्य करणारे धनगर कलावंत तिथे माइकसमोर येतात. अक्कलकोट भागातले कन्नड भजन किंवा पद्मशाली घरांतली तेलुगू गाणी यांना तशी हक्काची जागा मिळाली पाहिजे.

ऐकण्याचे साधनही बदलले. वायरचा इअरफोन अँटेना म्हणून वापरणारे साधे फोन मागे पडले, अनेक स्मार्टफोनमधून एफएमची सोय गेली. २०२३ मध्ये केंद्र सरकारला फोन बनवणाऱ्या कंपन्यांना ती सुरू ठेवण्याची सूचना करावी लागली. दुसरीकडे ‘न्यूज ऑन एअर’ या अॅपमुळे आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रे मनोऱ्याच्या पल्ल्याबाहेरही मिळू लागली. पुण्यात नोकरी करणारा सांगोल्याचा मुलगा आता मराठी केंद्रे फोनवर ऐकू शकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळावी हा त्यामागचा एक उद्देश सांगितला. त्या यादीत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आहे. लिलावात बोली लागली तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या शहराला पहिल्यांदाच खाजगी केंद्र मिळेल, आणि बार्शीचा बाजार, भगवंताची यात्रा, तिथली नाटके यांना सोलापूरच्या मनोऱ्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.