हवेतील टपाल आणि हौशी टपालवाले

सरकारी परवाना घेऊन, घरी बिनतारी यंत्र बाळगून परमुलुखातील अनोळखी माणसांशी संभाषण करणारे छांदिष्ट लोक जगभर आहेत. त्यांस ‘हॅम’ असे म्हणतात. हैदराबादेस १९८३ साली त्यांची एक राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली, तेव्हा हे नाव आमच्या काही वाचकांच्या कानांवर आले असेल. त्यांना परीक्षा द्यावी लागते, संदेशाबद्दल मोबदला म्हणून एक पैसाही घेता येत नाही, आणि बोलताना आपले सरकारदत्त सांकेतिक नाव सांगावे लागते. हे लोक केवळ गप्पा मारतात अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अपुरी होय.

एका संगणकाने दुसऱ्यास हवेतून पत्र धाडावे, ही कल्पना मुळात त्यांची नव्हे. हवाई बेटांवर विखुरलेल्या विद्यापीठाच्या शाखा जोडण्यासाठी नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकाने १९७१ साली ‘अलोहानेट’ सुरू केले, तेथून ती निघाली. हॅम लोकांनी ती उचलली ती कॅनडात. ३१ मे १९७८ रोजी मॉंट्रिअलच्या हौशी मंडळींनी असे पहिले पुडके हवेत सोडले. अमेरिकेत मार्च १९८० मध्ये परवानगी मिळाली, आणि त्याच डिसेंबरात हँक मॅग्नस्की या गृहस्थाने सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातालगत, आलेले पुडके पुढे धाडणारे यंत्र उभे केले.

या टपालाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडतात. एका तुकड्यात बहुधा २५६ अक्षरांहून अधिक नसतात. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर आधी घेणाराचे नाव, मग धाडणाराचे, मग वाटेतील मध्यस्थांची नावे; शेवटी हिशेबाचा एक आकडा. घेणारे यंत्र तोच हिशेब स्वतः मांडून पाहते. आकडा जुळला तर पोच देते. न जुळला तर पुडके टाकून देऊन गप्प राहते. पोच आली नाही की धाडणारा तेच पुडके पुन्हा धाडतो. वाटेत अक्षर बिघडले तर ते असे पकडले जाते.

पण लहर एक आणि बोलणारे अनेक! दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते. म्हणून यंत्र आधी कान देते, शांतता दिसली तरच बोलते. तरीही दोघांची गाठ पडतेच. शेताच्या अरुंद बांधावर दोघे समोरासमोर येतात, दोघेही एकदम बाजूस सरतात आणि पुन्हा एकमेकांस अडवतात, तसे होऊ नये म्हणून प्रत्येक यंत्र किती वेळ थांबावे हे जणू चिठ्ठी टाकून ठरवते. ज्याची चिठ्ठी लहान, तो आधी जातो. (आमच्या सभांतूनही ही युक्ती लागू करण्यासारखी आहे.)

वेग मात्र बेताचाच: सेकंदास १२०० बिट, म्हणजे फार तर दीडशे रोमन अक्षरे. एवढ्यावरही अमेरिकेतील टूसॉन गावच्या मंडळाने, संगणक व बिनतारी यंत्र जोडणारी पेटी स्वतः जुळवता येईल अशा सुट्या भागांच्या रूपाने १९८३ पासून लोकांस पुरवली, आणि हा छंद देशोदेशी पसरला.

आता वादाची गोष्ट. आज ज्याला इंटरनेट म्हणतात त्यात प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता लागतो. १९८१ साली वर उल्लेखिलेल्या मॅग्नस्कींनी हॅम लोकांच्या प्रयोगांसाठी असे १ कोटी ६७ लाख पत्ते मागून घेतले. तेव्हा त्यांना किंमत नव्हती. कोणी मागावे आणि मिळावेत. पुढे जगाचे पत्ते संपत आले, तसे या पडीक रानाचे सोने झाले. पत्त्यांचा सांभाळ करणाऱ्या कॅलिफोर्नियातील धर्मादाय संस्थेने २०१९ साली त्यांतील सुमारे ४२ लाख पत्ते अमेझॉन कंपनीस दहा कोटी डॉलरांहून अधिक किमतीस विकले. बहुतेक हॅमांस हे कळले ते विक्री झाल्यावर. जे सर्वांसाठी मागितले, ते चार विश्वस्तांनी विकावे काय, असा गदारोळ उठला. गोव्यातील कोमुनिदादीच्या जमिनीचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावयास नको. त्या पैशातून शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या, बोस्टनजवळच्या एमआयटी विद्यापीठाच्या छपरावरील मोठ्या तबकडीच्या दुरुस्तीस साहाय्य झाले, हे खरे. विश्वस्तांनी स्वतःचे खिसे भरले असे आम्ही म्हणत नाही. परंतु पैसा सत्कारणी लागला म्हणून आधी विचारण्याचे कर्तव्य फिटते, असे आम्हास वाटत नाही.

उरलेले सव्वा कोट पत्ते अजून हॅम लोकांसाठीच राखलेले आहेत, आणि परवाना दाखविणाऱ्यास त्यांतील हवे ते विनामूल्य मागता येतात.