सफारीआधी रायफलशी ओळख

आफ्रिकेत केप बफेलोच्या शिकारीला जाणाऱ्याची खरी परीक्षा घराजवळच्या चांदमारीतच सुरू होते. हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांचं १९१२ सालचं .३७५ काडतूस घ्या: सुमारे १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि रायफलीचा धक्का खांद्याला जोरात बसतो.

आधी वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून शंभर मीटरवर तीन गोळ्या झाडायच्या, त्यांचा मध्य पाहून रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवायचे, नळी निवू द्यायची. हे झालं की टेबल सोडावं. बसलेलं शरीर मागे झुलत नाही, सगळा धक्का खांदाच सोसतो; मग मन घाबरतं आणि चाप ओढण्याआधीच हात दचकतो. हा दचका फार वाईट. खऱ्या काडतुसांत सोबत्याने गुपचूप एखादं नकली मिसळलं, की बार होत नाही, पण नळी खाली झुकलेली स्पष्ट दिसते. या दचक्यावर माझ्या मते .२२ च्या हलक्या रायफलीवरचा भरपूर सराव हाच उपाय. पुढचा सराव रायफल तिकाटण्यावर टेकवून, उभ्याने.

विमानप्रवासात दुर्बीण हलू शकते, म्हणून कॅम्पवर पोचताच नेम पुन्हा तपासावा. कारण नेम चुकला आणि जखमी बफेलो झुडपात शिरला, तर त्याच्या मागावर जावं लागतं.