फरशीवरून उभा राहणारा पडदा

फ्लोअर-रायझिंग स्क्रीन हा फरशीवर ठेवलेल्या लांबट ॲल्युमिनियमच्या पेटीतून वर उठणारा प्रोजेक्टरचा पडदा. कापड पेटीतल्या रोलरवर गुंडाळलेले असते. मागच्या बाजूला फुलीच्या आकारात जोडलेले दांडे मोटरच्या जोरावर उघडतात आणि कापडाची वरची पट्टी उचलून धरतात. भिंतीत ड्रिल करावे लागत नाही, पीओपीच्या छतालाही हात लागत नाही. त्यामुळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये हा पडदा सोयीचा पडतो. 100 इंची पडद्यावरचे चित्र सुमारे 221 सेंटिमीटर रुंद आणि 125 सेंटिमीटर उंच असते. पेटी त्याहून लांब असल्याने भिंतीलगत आठेक फूट मोकळी जागा लागते.

या पडद्यासमोर बहुधा अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर ठेवतात. चित्राच्या रुंदीच्या साधारण पाव अंतरावरून तो पडदा भरतो. 100 इंचांसाठी सुमारे 55 सेंटिमीटर. याच हिशेबाने प्रोजेक्टर पडद्यापासून 1 मिलिमीटर दूर सरकला की चित्र 4 मिलिमीटर रुंद होते. पुढची सगळी मेहनत या ‘एकाला चार’च्या प्रमाणामुळे करावी लागते.

वायर जोडणे, रिमोट जुळवणे ही कामे चटकन उरकतात. वेळ जातो तो लेव्हल साधण्यात. टेक्निशियन जवळजवळ आडवा होऊन पेटीखालचे स्क्रूचे पाय पाव-पाव फेरा फिरवतो, लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणतो, पडदा चढवतो, कडा निरखतो आणि पुन्हा खाली वाकतो. टाइल्सची फरशी डोळ्यांना सपाट दिसली तरी जोडांपाशी कमी-जास्त असते. पेटी एका टोकाला कलली तर वरची कड तिरकी होते. मागे कलली तर पडद्याचा माथा मागे झुकतो आणि चित्र वर फाकते. चौकट प्रोजेक्टरच्या कीस्टोनने, म्हणजे चित्राचा वाकडा आकार सुधारणाऱ्या सेटिंगने, सरळ दिसते, पण त्यात पिक्सेल वाया जातात आणि धार बोथट होते. म्हणून आधी पेटी, मग प्रोजेक्टर आणि कीस्टोन अगदी शेवटी, हाच क्रम योग्य. या चिकाटीच्या कामाची मजुरी देताना हात आखडता घेऊ नये.

कापडही तितकेच महत्त्वाचे. त्यावर करवतीच्या दात्यांसारख्या सूक्ष्म आडव्या खाचा असतात. दात्यांची वरची काळी बाजू छताकडचा उजेड शोषते, खालची बाजू प्रोजेक्टरचा प्रकाश प्रेक्षकांकडे परतवते. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा प्रकाशही वरूनच येतो. त्याच्यासाठी हे कापड निरुपयोगी. प्रकाश खालून तिरपा येत असल्याने कापडाची बारीक लाटही चित्रात उठून दिसते. दोन्ही कडांना दोऱ्यांचा ताण असलेला पडदा त्यासाठीच घ्यावा. सीलिंग फॅनच्या वाऱ्यानेही कापड थरथरते, तेव्हा पडदा फॅनच्या थेट झोतात ठेवू नये.

खाचांवर ओरखडा पडला तर जात नाही. धूळ मऊ ब्रशने हलकेच झाडावी आणि वापर संपला की पडदा पेटीत उतरवावा. प्रोजेक्टरचा प्रखर झोत लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून निघतो. त्यांना लेन्सवर वाकू देऊ नये. एकाला चारचे प्रमाण रोजच्या वापरातही सुटत नाही, म्हणून झाडू-पोछा करताना प्रोजेक्टर हलणार नाही अशी त्याची जागा पक्की करावी. खरेदीच्या वेळी रिमोटच्या सोयींआधी कापडाचा ताण आणि पेटीचे पाय तपासावेत. चित्राचा दर्जा त्यांवरच ठरतो.