गोरज मुहूर्ताची लेन्स
लेखमाला ‘लग्नातला उजेड’ : भाग ५

सावर्ड्याच्या आसपास एखाद्या वाडीवर गोरज मुहूर्ताचं लग्न असेल, तर फोटो काढणाऱ्याला दिवसाचा उजेड किती पुरतो? कोकणात सूर्य मावळल्यावर साधारण वीस-बावीस मिनिटांत संधिप्रकाश इतका उतरतो, की पुढे दिव्यांवरच भागवावं लागतं. मांडवाच्या पश्चिमेला डोंगर किंवा दाट आमराई असली तर अंगण त्याच्याही आधी काळवंडतं. मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा आकाशात थोडी निळाई असते. आंतरपाट दूर होतो तेव्हा उरतात ट्यूबलाइट, दिव्यांच्या माळा आणि करवलीच्या हातातला शकुनदिवा. गेल्या आठवड्यात शटर आणि आयएसओ पाहिले. आज त्यांच्या आधी येणारी गोष्ट : लेन्स.

कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं तोंड एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. हा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. ५५ मिलिमीटरला ५.६ने भागलं की भोक येतं जेमतेम १० मिलिमीटरचं. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, जिला सगळे ‘फिफ्टी’ म्हणतात, तिचं भोक २८ मिलिमीटरचं असतं. ५.६वरून १.८वर आलं की सेन्सरवर नऊपटीहून जास्त उजेड पडतो. म्हणजे ज्या मांडवात आयएसओ ३२०० ठेवूनही किट लेन्सला १/१५ सेकंद लागतो, तिथे फिफ्टी १/१२५च्या पुढे जाते. १/१५ला नवरीने नुसती मान वळवली तरी चेहरा पुसला जातो आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तिथे कामाला येत नाही. ते आपला हात सावरतं, नवरीची मान नाही. १/१२५ला चेहरा थांबतो. अक्षता मात्र तेव्हाही रेघेसारख्या येतात आणि मला त्या तशाच आवडतात.

इथवर सगळं सोपं आहे, आणि म्हणूनच बरेच जण इथेच थांबतात. १.८ चांगली तर १.४ आणखी चांगली, १.२ सगळ्यांत चांगली, असा हिशेब करून कर्ज काढतात. या हिशेबात फोकसच्या खोलीचा विचार नसतो.

जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण सिनेमातलं आहे. १९७५च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये स्टॅनली कुब्रिकला काही प्रसंग फक्त मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित करायचे होते. त्यासाठी त्याने झाइसची ५० मिलिमीटर एफ ०.७ लेन्स मिळवली. मुळात ती अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेसाठी बनवलेली होती. उजेड मिळाला, पण फोकसची पट्टी इतकी बारीक झाली की नटांना फारसं हलता येईना. कुब्रिक आपल्या नटांना बसवून ठेवू शकत होता. लग्नात नवरीला मामा घेऊन येतो, भटजी पाट सरकवायला सांगतात, लहान मुलं मध्ये घुसतात. तिथे कोणाला म्हणणार, हलू नका?

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ला उघडून दोन मीटरवरून चेहरा टिपला, तर स्पष्ट येणारी पट्टी साधारण ६ सेंटिमीटरची असते. चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला असला तर जवळचा डोळा धारदार येतो, आणि नथ किंवा कानातलं यांपैकी एखादं हातचं जातं. एकट्या नवरीचा फोटो असेल तर हे सुंदर दिसतं. पण आंतरपाट दूर होतो त्या क्षणी चेहरे दोन असतात. नवऱ्याच्या खांद्यामागून नवरी टिपायला गेलात तर दोघांमधलं अंतर हात-दीड हात, आणि ते या पट्टीत कधीच मावणार नाही. म्हणून त्या क्षणी मी बाजूला उभं राहायला सांगतो, आंतरपाटाच्या टोकाशी. तिथून दोघंही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात. त्या जागेवरून ३५ मिलिमीटरची लेन्स एफ २ला लावली, तर अडीच मीटरवर जवळपास ६० सेंटिमीटरची पट्टी मिळते. दोघं, हार आणि दिवा धरलेली करवलीही त्यात बसते.

सूनमुखाचा फोटो याहून अवघड. सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते, तेव्हा आपल्याला आरसाही हवा असतो आणि त्यातला चेहराही. लेन्सच्या दृष्टीने मात्र आरशातला चेहरा आरशाच्या पाठीमागे असतो : कॅमेरा ते आरसा आणि आरसा ते चेहरा, या दोन्हींची बेरीज म्हणजे फोकसचं अंतर. १.८वर आरशाची चौकट धारदार आली तर सून धूसर होते. इथे भोक एफ ४पर्यंत लहान करावं आणि आयएसओ वाढवावा. थोडा दाणा दिसेल. दिसू दे. चेहऱ्यासाठी दाणा परवडतो.

म्हणून लेन्स निवडताना पहिला प्रश्न ‘किती उघडते’ हा नाही. ‘मला उभं कुठे राहता येणार आहे’ हा आहे. फुल फ्रेमवर ३५ मिलिमीटरची लेन्स जितक्या अंतरावरून बघते, जवळपास तितकीच रुंदी आडव्या चौकटीत घेते. तीन मीटरवर उभं राहिलं की तीन मीटर रुंदी. ८५ त्याच जागेवरून सव्वा मीटर घेते. क्रॉप बॉडीवर हेच ३५चं काम २४ मिलिमीटरची लेन्स करते. लग्नघर बघायला गेलात की पावलांनी मोजा : ओसरी किती, माजघर किती, होमाभोवती फिरायला जागा किती. जुन्या कौलारू घरात भिंतीला पाठ टेकली तरी अडीच-तीन मीटरच्या पुढे मागे जाता येत नाही. तिथे क्रॉप बॉडीवर फिफ्टी लावली तर तीन मीटरवरूनही सव्वा-दीड मीटरच चौकटीत येतं. नवरानवरी येतील, भटजी कापले जातील. तरीही नव्या मुलांना पहिली लेन्स म्हणून फिफ्टीच घ्यायला सांगितलं जातं, कारण ती स्वस्त आहे. मला हा सल्ला पटत नाही. कोकणातल्या घरगुती लग्नांसाठी क्रॉप बॉडीवर पहिली लेन्स ३५ची एफ १.८ असावी, आणि फिफ्टी नंतर यावी. चेहऱ्यांसाठी ती तिथे ८५सारखंच काम करेल.

महामार्गालगतच्या मोठ्या कार्यालयांत प्रश्न उलटा होतो. स्टेज उंच, पुढे व्हिडिओवाल्याचा स्टँड आणि नातेवाइकांचे मोबाइल. तिथे ७०-२०० एफ २.८ला पर्याय नाही, पण एक ते दीड किलो वजन दिवसभर गळ्यात वागवायची तयारी हवी. २४-७० एफ २.८बद्दल बरंच बोलता येईल. थोडक्यात सांगायचं तर एकच कॅमेरा असलेल्याने ती घ्यावी. दोन कॅमेरे असतील तर एकावर ३५ आणि दुसऱ्यावर ८५ ठेवावी. १.८ आणि २.८मध्ये अडीचपट उजेडाचा फरक आहे आणि गोरज मुहूर्ताला तो जाणवतो.

रंगाचंही एक सांगून ठेवतो. सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमुळे सावर्ड्याचं नाव चित्रकलेशी जोडलं गेलं आहे, आणि चित्रं काढणारी मुलं हे लगेच ओळखतात : जांभ्याच्या उघड्या भिंतीवरून परतलेला उजेड लालसर होतो. लाल कनातीचंही तेच. अशा भिंतीजवळ नवरीच्या गालावर रंग चढला तर लेन्सला दोष देऊ नका, दोन पावलं भिंतीपासून लांब घ्या.

शेवटचा मुद्दा जुन्या लेन्सचा, कारण बहुतेकांची पहिली चांगली लेन्स सेकंडहँडच असते. मुंबईला फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला जा किंवा गावातल्या ओळखीच्या स्टुडिओतून घ्या, बुरशी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने बंद बॅगेत पडलेली लेन्स बुरशीला आयतीच मिळते. दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळिष्टकासारखे बारीक धागे किंवा दुधट पडदा दिसला तर ती लेन्स सोडा. दिवसाच्या फोटोत हा दोष लपून जातो. रात्री मात्र चौकटीत दिवा आला की भोवती धुकं पसरतं आणि काळे केस राखाडी दिसतात. स्वतःची लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. आर्द्रता मोजणारा छोटा मीटर आत टाका आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ती तव्यावर मंद आंचेवर कोरडी करून पुन्हा वापरता येते. पावसाळ्यात लग्नं नसली तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून फोकसची रिंग फिरवा.

पुढच्या आठवड्यात फ्लॅश, आणि मांडवाच्या रंगीत कापडावरून तो का उडवू नये.